नाकी बेचाळीस

पस्तीस वर्षं मी बँकेत कॅशियर होतो. शंभर नोटांचं पाकीट अंगठ्याखालून सरकलं की त्यात 99 आहेत की 100, हे डोक्याच्या आधी बोटांना कळायचं. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा रोख जुळवून, चाव्या देऊन, मगच हार गळ्यात घालून घेतला. अशा माणसाला तीन किलोच्या ऐवजानं रात्री दोन वाजता घाम फोडला, तोही नाशिकच्या डिसेंबरात.

मुलीचं पहिलं बाळंतपण, रीतीप्रमाणे आमच्याकडे. दहाव्या की अकराव्या दिवशी नातवाचं नाक वाजायला लागलं. ‘वाजायला’ म्हणजे काय, तर एवढ्या नाकात एवढा आवाज राहतो कुठे, असा प्रश्न पडावा. मध्येच मांजर गुरगुरल्यासारखं, मध्येच कुकरची शिटी अर्ध्यावर अडकून फुसफुसावी तसं. बाळ मात्र मुठी वळून गाढ झोपलेलं. जागं घर होतं.

ताबडतोब सभा भरली. माझी आई, जिला सगळं घर आक्का म्हणतं, वय वर्षं 86, तिनं निदान केलं, “नाक बांधलंय.” बायको म्हणाली, “बांधलं नाही, सर्दी छातीत उतरलीय. अहो, ऐका जरा.” मुलगी काहीच म्हणाली नाही. ती मोबाईलच्या उजेडात बाळाच्या नाकपुड्या बघत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी उजेडाबाहेर ठेवायचा प्रयत्न करत होती. जावई पुण्याहून व्हिडिओवर. “बाबा, फोन त्याच्या नाकाजवळ धरता का?” धरला. बराच वेळ ऐकून ते म्हणाले, “हा आवाज बाळाचा की नेटवर्कचा?”

सकाळी मालीशवाल्या मावशी आल्या. त्यांनी बाळाकडे एक नजर टाकली आणि तेलाची वाटी कोमट करायला सांगितली. “दोन थेंब नाकात सोडते, बघा कसं मोकळं होतंय.” शिवाय शेगडीत ओवा, वेखंड आणि लसणीच्या सालांची धुरी. शिवाय डोक्याखाली मोहरीची उशी. बायकोचं त्यांना पूर्ण अनुमोदन. मुलीचा सक्त विरोध. मी तटस्थ. जावई शनिवारी येणार होते, म्हणजे निकाल लागल्यावर.

शेवटी बाळाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तो निकाल पाच मिनिटांत लावला. नाकात तेल अजिबात नाही, ते श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं आणि तिथे न्यूमोनिया करून बसतं. धुरी नको, धूर म्हणजे धूरच, त्यात ओवा घातला म्हणून तो औषध होत नाही. कापूर आणि मोठ्या माणसांचा बाम बाळाच्या आसपासही नको. उशी नको, उताणं झोपवा. नाक फारच चोंदलं तर दूध पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे एक-दोन थेंब, तेही औषधाच्या दुकानातले, घरी मीठ विरघळवलेले नव्हे. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. इतकी लहान बाळं जवळजवळ नाकानंच श्वास घेतात. तोंड ही श्वासाची दुसरी वाट आहे हे त्यांना अजून सवयीचं नसतं. रडताना तेवढी ती वाट उघडते. आणि नाकपुडीतला रस्ता इतका अरुंद की आपल्या नाकात ज्याची दखलही घेणार नाही, एवढा सुकलेला शेंबूड तिथे घाटातल्या बंद पडलेल्या ट्रकसारखा आडवा होतो. शिंका येतात त्या सर्दीच्या नव्हेत. बाळ आपलं नाक आपण झाडतं. त्याला रुमाल कुठे माहीत आहे?

घरी येऊन हे सगळं मी मावशींना समजावलं. त्या म्हणाल्या, “आमच्या हाताखालून दोनशे पोरं गेली.” यावर बँकेत काय किंवा घरात काय, उत्तर नसतं. शेवटी तोडगा निघाला. धुरी करायची, पण बाळ दुसऱ्या खोलीत असताना आणि दार लावून. ती धुरी आक्काच्या घशात गेली आणि संध्याकाळभर घरात बाळापेक्षा तिचीच छाती जास्त वाजली.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “शंका आली तर श्वास मोजा. बाळ शांत झोपलेलं असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा त्याहून जास्त भरले, तर पुन्हा मोजा. पुन्हा तेवढेच आले तर घेऊन या.” मोजणं म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही जरा ताठ बसलो.

त्या रात्री दोन वाजता मोजले. 84.

पुन्हा मोजले. 86. हात कापायला लागला. मी बायकोला उठवलं, तिनं मुलीला, मुलीनं रडत पुण्याला फोन लावला आणि मी डॉक्टरीणबाईंना. त्यांनी झोपेतच विचारलं, “दूध किती पितोय? ताप आहे का? ओठ निळे दिसतायत? बरगड्यांखाली खळगा पडतोय का?” दूध तर भरपूर, बाकी सगळ्याला उत्तर ‘नाही’. मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, “काका, छाती वर आली की एक आणि खाली गेली की दोन, असं तर नाही ना मोजलंत?”

तसंच मोजलं होतं. पस्तीस वर्षं जमेचा आणि नावेचा हिशेब वेगळा ठेवणाऱ्या माणसानं आत गेलेला श्वासही धरला आणि बाहेर आलेलाही. त्यातून बाळावर तीन दुपटी, डोक्यावर कुंची. गरम झालं तरी बाळ भराभर श्वास घेतं, आणि इतकं गुंडाळल्यावर आपण बाळाचे श्वास मोजतो की दुपट्याचे, कोण सांगणार? एक दुपटं काढलं, पुन्हा मोजले. 42. आपल्या मोठ्यांचे मिनिटाला बारा ते वीस. नवजात बाळाचे तीस ते साठ. त्याचा हिशेब चोख होता. चूक कॅशियरची.

त्यानंतर मला एक जुनी गोष्ट आठवली आणि आणखी ओशाळलो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ संस्था सुरू केली. तिथे लहान मुलं न्यूमोनियानं जात होती. गावातल्या बायका आणि सुईणी बाळाचा श्वास मोजायला तयार होत्या, पण त्यांतल्या कित्येकींना दहा-बाराच्या पुढे अंक येत नव्हते. मग त्यांच्यासाठी एक साधं यंत्र बनलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेवरचे मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला की न्यूमोनिया समजायचा. दहापर्यंतच अंक येणाऱ्या बायका एकेका बाळाचा निकाल बरोबर लावत होत्या. आणि इथे मी, ज्याला कोटीपर्यंत न अडखळता येतं! आज सरकारी योजनेत आशाताई जन्मानंतर 42 दिवसांपर्यंत सहा-सात वेळा घरी येऊन बाळ बघते, तेव्हा तीही श्वास मोजते. आमच्या गल्लीतली आली तेव्हा तिनं घड्याळ बघत एका दमात मोजलं. मी शेजारी उभा राहून मनात मोजत होतो. आमचा आकडा जुळला, तेव्हा मला पहिल्या पगाराएवढा आनंद झाला.

मोजण्याचा नाद मात्र वाईट. दोनच रात्रींनी मोजता मोजता बाळाचा श्वास थांबला. एक सेकंद, दोन, पाच. माझाही थांबला. सातव्या सेकंदाला मी त्याच्या तळपायाला टिचकी मारली. तो जागा झाला आणि पहाटेपर्यंत रडला. घरातल्या तीन पिढ्यांच्या बायकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं रोख तुटल्यावर मॅनेजरनंही कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी कळलं की नवजात बाळं असंच करतात. पाच-दहा सेकंद थांबायचं, मग भराभर काही श्वास, मग पुन्हा संथ. वीस सेकंद लोटले, किंवा बाळ निळं, पांढरं किंवा ढिलं पडलं, तर मात्र टिचकी मारून वाट बघत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

रडणं थांबल्यावर चहा करताना मी बायकोला म्हटलं, “हिच्या वेळी आपण असं काही मोजलं नव्हतं, तरी वाढलीच की.”

“तुम्ही नव्हतं मोजलं,” ती म्हणाली. “तुम्ही इतके घोरायचात की तिचा श्वास ऐकूच यायचा नाही. मग मी छातीवर हात ठेवून बसायचे.”

“किती दिवस?”

तिनं चहा गाळला. “पावसाळा संपेपर्यंत.”

मुलगी मे महिन्यात जन्मली होती. एवढा मोठा हिशेब तेहतीस वर्षं माझ्या घरात लिहिल्यावाचून पडून होता.

तेव्हा, नव्या आईबाबांनो आणि विशेषतः नव्या आजोबांनो, नाक वाजतंय, दूध पोटभर जातंय, रंग गुलाबी आहे, तर वाजू द्या. मोजायचंच तर वर-खाली मिळून एक धरा. पण बरगड्यांखाली खळगा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, दर श्वासाला बाळ कण्हत असेल, दूध सोडलं असेल, तर आकडा जुळायची वाट बघू नका आणि मावशींच्या दोनशे पोरांचीही नको, निघा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तरी निघा.

आमच्याकडे आता रात्रीची नोंद एका जुन्या वहीत होते. बँकेच्या शिस्तीप्रमाणे मोजणारा एक, तपासणारा दुसरा, सह्या दोन. काल रात्रीचा आकडा 42. तपासणीची सही आक्काची आहे, चष्म्याशिवाय केलेली.