पालकांचं पासिंग

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा जरा उशिरा उघडतात, कारण जूनच्या मध्यापर्यंत इथल्या उन्हाला शिक्षण खात्याचं वेळापत्रक मान्य नसतं. या वाढीव सुटीत नागपुरात दोन कामं उरकली जातात. पालक वह्यांना कव्हरं घालतात आणि स्कूल बसवाले गाड्या पासिंगला नेतात. आरटीओचे निरीक्षक ब्रेक दाबून बघतात, वायपर फिरवून बघतात, अग्निशामकावरची तारीख वाचतात आणि प्रथमोपचार पेटीत पट्ट्या-मलम आहे की चालकाचा खर्रा, याची खात्री करून घेतात. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी हा सोहळा असतो.

बस तपासली जाते, चालकाचं लायसन्स तपासलं जातं, बसमधल्या मावशींचं ओळखपत्र तपासलं जातं. या सगळ्यात एकच घटक असा आहे, जो आजवर कसल्याही तपासणीशिवाय बिनदिक्कत रस्त्यावर धावतो आहे. तो म्हणजे पालक. तेव्हा परिवहन खात्याला नम्र सूचना, की यंदापासून पालकांनाही फिटनेस प्रमाणपत्र सक्तीचं करावं. नागपुरात एमएच 31, 40 आणि 49 अशी तीन आरटीओ कार्यालयं आहेत, गर्दी विभागता येईल. गिरीपेठेतल्या आरटीओत रांग लागली तर बाहेर तर्री पोहे मिळण्याची सोय आहेच.

पहिली चाचणी ब्रेकची. ही शाळेच्या फाटकावर, सुटी व्हायच्या वेळी घ्यावी. पालकांचे ब्रेक उत्तम असतात, यात वाद नाही. गाडी जागच्या जागी थांबते. फक्त ती थांबते फाटकाच्या मधोमध, स्कूल बस जिथून वळणार असते बरोबर तिथे.

"मॅडम, गाडी थोडी पुढे घ्या ना."

"दोनच मिनिटं भाऊ, लेकरू येऊनच राहिलं."

मागे बस, बसच्या मागे व्हॅन, व्हॅनच्या मागे ऑटो, आणि या सगळ्यांच्या फटीफटीतून दप्तराच्या वजनाने वाकलेली मुलं. आपलं लेकरू सुरक्षित राहावं म्हणून मॅडमनी गाडी फाटकाला चिकटवली, आणि म्हणूनच इतरांच्या लेकरांना रस्त्याच्या मधून चालावं लागलं. निरीक्षकाने शेरा मारावा: ब्रेक चालू, नजर बंद.

वेगनियंत्रकाची चाचणी जरा सविस्तर घ्यावी लागेल. नियमाप्रमाणे स्कूल बसला वेगनियंत्रक हवा. तो असतोही. पण व्हॅनचा वेग चालकाच्या पायात असतो हा गैरसमज आहे. तो बेसा, मनीषनगर, मानेवाड्यातल्या फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर असतो. सकाळी व्हॅन खाली येते, हॉर्न वाजतो आणि गॅलरीतून आवाज येतो, "काका, दोन मिनिटं थांबा, बाबूचा एक बूट सापडून नाही राहिला!" काका थांबतात. पुढच्या घरी पाण्याची बाटली राहिलेली असते. त्यापुढच्या घरी पोरगं आंघोळीहून नुकतंच निघालेलं असतं. व्हॅनमध्ये चौदा मुलं धरली आणि प्रत्येक घराने आपली हक्काची दोन मिनिटं घेतली, की झाली अठ्ठावीस मिनिटं. शाळेचं फाटक तर ठरल्या वेळेलाच बंद होणार. मग ही अठ्ठावीस मिनिटं काका कुठून आणणार? रिंग रोडवरून. सिग्नलच्या पिवळ्या दिव्यातून. समोरून येणाऱ्या ट्रकच्या आणि दुभाजकाच्या मधल्या जागेतून.

आणि ज्या आईने पहिली दोन मिनिटं घेतली, तीच सात वाजता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिते, "काका, कुठे पोहोचले? आज युनिट टेस्ट आहे. जरा लवकर पोहोचवा." संध्याकाळी त्याच ग्रुपवर भरधाव व्हॅनचा व्हिडिओ कोणीतरी टाकतं. त्याखाली तीच आई हात जोडलेल्या चिन्हासह लिहिते, "कठोर कारवाई झालीच पाहिजे."

पुढची चाचणी क्षमतेची. व्हॅनमध्ये किती मुलं बसवायची हे कागदावर ठरलेलं आहे. 2025 मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी स्कूल व्हॅनसाठी नव्या नियमांची घोषणा केली. त्यांत बारा मुलं आणि एक चालक अशी आसनं, जीपीएस, सीसीटीव्ही असा सगळा जामानिमा आहे. छान आहे. पण आसनसंख्येचा खरा फैसला जूनमध्ये सोसायटीच्या पार्किंगमध्ये होतो. व्हॅनवाले काका एक आकडा सांगतात. पालक म्हणतात, "शेजारच्या विंगमध्ये तर दोनशे कमी घेऊन राहिले." काका मनातल्या मनात दोनशेला मुलांच्या संख्येने गुणतात, आलेल्या रकमेला डिझेलच्या भावाने भागतात आणि बाकी उरते ती आणखी चार मुलं. ही चार मुलं मागच्या सीटसमोर एक फळी टाकून बसवली जातात. कधी त्या फळीखाली गॅसची टाकी असते, कधी गाडीची पाटीच पांढरी असते, म्हणजे प्रवासी वाहतुकीचा परवानाच नाही. पालकांना हे माहीत नसतं असं नाही. त्यांना ते दोनशे रुपयांपर्यंत माहीत नसतं.

जो बाप मोबाइलला चारशेचं कव्हर आणि वर दोनशेची काच लावून घेतो, तो मुलाच्या सीटसाठी घासाघीस करतो. मोबाइल पडला तर फुटतो ना.

हेल्मेटची चाचणी स्कूटरवरच्या पालकांसाठी राखून ठेवावी. शंकरनगर चौकात सकाळी उभं राहिलं की नमुने भरपूर मिळतात. धाकटा पुढे पायदानावर उभा, थोरली मागे, तिच्या मांडीवर दोन दप्तरं. बाबांचं हेल्मेट कोपरात अडकवलेलं, कोपराला इजा होऊ नये म्हणून. मोटार वाहन कायद्यात चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट आहे. चार वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरची मर्यादा हा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. त्या मापाचं हेल्मेट घातलेलं मूल नागपुरात दिसलं तर लोक सेल्फी काढतील. देशाचे रस्ते वाहतूक मंत्री याच शहरात राहतात. ते भाषणांतून अपघातांचे आकडे कळकळीने सांगतात आणि आपण टाळ्या वाजवतो. टाळ्या वाजवताना हँडल सुटतं, ही वेगळी गोष्ट.

मूल मोठं झालं की पालक त्याला व्हॅनमधून काढतात आणि ट्यूशनला जायला स्वतंत्र गाडी देतात. सोळा ते अठरा या वयात लायसन्स मिळतं ते 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. पेट्रोलवरची तशी गाडी शोधायला गेलात तर आजोबांच्या लुनापाशी येऊन थांबाल. चिरंजीवांच्या बुडाखाली मात्र 110 सीसीची स्कूटर असते आणि तिच्यावर तीन मित्र. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे वाचून किती पालक दचकले? दचकले त्यांनी पोराला फोन करून विचारलं असेल, "कुठं आहेस बे?" आणि पोराने गाडी चालवता चालवता फोन उचलला असेल.

विद्यार्थ्यांबद्दल लिहायचं टाळत होतो, कारण त्यांचे सगळे गुण घरून आलेले असतात. खिडकीबाहेर हात काढू नये, असं बसमध्ये लिहिलेलं असतं. बसच्या खिडक्यांना आडव्या सळ्या असाव्यात हा दंडक 1997 सालचा, सर्वोच्च न्यायालयाचा. दिल्लीत शाळेची बस यमुनेत कोसळून 28 मुलं गेली, त्यानंतर आलेला. मुलाचा हात आणि डोकं आत राहावं म्हणून त्या सळ्या. आपल्याकडे बस निघाल्यावर आईच्या लक्षात येतं की डबा ओट्यावरच राहिला. बाबा स्कूटर काढतात, पुढच्या चौकापर्यंत बस गाठतात, डाव्या बाजूने तिच्या बरोबरीने चालवत एका हाताने डबा वर करतात आणि ओरडतात, "हात बाहेर काढ, हात!" मूल हात बाहेर काढतं. आज्ञाधारक आहे. डबा सळ्यांमधून बरोबर आत जातो. पुढे आयुष्यभर त्याला कोणी सांगितलं की चालत्या बसबाहेर हात काढू नकोस, तर ते कुणाचं ऐकेल?

बसमध्ये बसलेल्या मुलापेक्षा बसमधून उतरलेल्या मुलाला धोका जास्त असतो. बोनेटच्या अगदी पुढे आणि मागच्या चाकाजवळ उभं असलेलं लहान मूल चालकाला दिसत नाही, मग तो कितीही सावध असो. म्हणून उतरल्यावर मुलाने बसपासून लांब सरकावं, रस्ता ओलांडायचाच असेल तर पुढे चालत जावं आणि चालकाचा चेहरा आपल्याला दिसतोय, त्यानेही आपल्याला पाहिलंय, एवढं झाल्यावरच पाऊल टाकावं. पडलेली बाटली उचलायला चाकाशी वाकू नये. हे शिकवायला पाच मिनिटं लागतात. तेवढी मिनिटं आपल्याकडे नसतात, कारण बूट सापडत नसतो.

जानेवारी 2012 मध्ये या शहरातला एक छोटा विद्यार्थी शाळेच्याच बसखाली येऊन दगावला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, जनहित याचिका झाली आणि सुनावण्या वर्षानुवर्षं चालल्या. डिसेंबर 2024 मध्ये हिंगणा तालुक्यातल्या देवळी पेंढरीच्या घाटात सहलीची बस उलटली, एक विद्यार्थिनी गेली. सप्टेंबर 2025 मध्ये मानकापूरच्या उड्डाणपुलावर स्कूल बस आणि स्कूल व्हॅन समोरासमोर आल्या. एक विद्यार्थिनी गेली, व्हॅनचा चालकही गेला. प्रत्येक वेळी आठवडाभर शहर पेटून उठलं, तपासणी मोहीम निघाली, काही गाड्या जप्त झाल्या. आठव्या दिवशी जप्त गाडीतल्या मुलांच्या पालकांनी विचारलं, "आमच्या लेकरांनी आता शाळेत कसं जायचं?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर 2011 पासून छापून तयार आहे. त्या वर्षी महाराष्ट्राने स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. त्यांत प्रत्येक शाळेला परिवहन समिती सांगितली आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष, सोबत वाहतूक पोलीस, आरटीओचे निरीक्षक, बसवाल्यांचा प्रतिनिधी आणि पालकांचाही प्रतिनिधी. बसची कागदपत्रं, चालकाचा अनुभव, थांबे, भाडं, हे सगळं या समितीने बघायचं. म्हणजे पार्किंगमध्ये दोनशे रुपयांसाठी जो वाद घालतो, तो कायद्याने या टेबलावर खुर्ची टाकून बसू शकतो. पण गॅदरिंगच्या समितीत येण्यासाठी जेवढी चढाओढ होते, तेवढी इथे होत नाही. इथे लेकराला स्टेजवर पुढच्या रांगेत उभं करता येत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. सोबत बडगे असतात: महागाईचा, भ्रष्टाचाराचा, खड्ड्यांचा. इडापीडा सगळी शहराबाहेर नेऊन जाळली जाते. पालकांचा बडग्या काही मी अजून पाहिलेला नाही. तो करायला बसलो तर कोणाच्या तोंडाचा करायचा, यावर गल्लीतच मारामारी होईल.

असो. गिरीपेठेतून माझ्या सूचनेला उत्तर यायला वेळ लागेल. तोवर वाचकहो, एक करा. पहिल्या पालकसभेत गणिताचे मार्क, युनिफॉर्मचं दुकान आणि कँटीनचा समोसा हे विषय आटोपले की उभे राहा आणि विचारा: आपल्या शाळेच्या परिवहन समितीची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली, पालकांतर्फे तिथे कोण होतं आणि इतिवृत्त कुठे आहे? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका. आणि त्या सभेला जाताना गाडी फाटकासमोर लावू नका.