ऐवज सुरतेला

आमच्या शाळेच्या ऑफिसात दोन कॉम्प्युटर आहेत. त्यातला एक चालतो. दुसरा फक्त डेडस्टॉक रजिस्टरात चालतो. चालणाऱ्यावर शालार्थ, यूडायस, सरल, शिष्यवृत्ती, पोषण आहार अशी सगळी पोर्टलं उघडतात आणि त्याच्यापुढं आम्ही अठरा जण आळीपाळीनं बसतो. गाव भडगाव. बाहेर केळीच्या गाड्या, पलीकडं गिरणा. गेली कित्येक वर्षं या अठरांपैकी एकालाही एकही पासवर्ड पाठ नव्हता, आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

कारण क्रोम. ‘पासवर्ड सेव्ह करायचा का?’ या त्याच्या प्रश्नाला कुणीतरी, कधीतरी हो म्हणून ठेवलं होतं. तेव्हापासून रकान्यात क्लिक केलं की खाली नावांची यादी लोंबायची, आपलं नाव निवडलं की काळी टिंबं आपसूक उमटायची, आणि दार उघडायचं. आमच्या लेखी पासवर्ड म्हणजे ती टिंबं. आमच्या एका मॅडमची तर प्रामाणिक समजूत होती की आपला पासवर्ड आठ टिंबांचा आहे. घरी मोबाईलवर त्यांनी आठ टिंबं टाइप करूनही पाहिली. ‘चुकीचा पासवर्ड’ असं आलं तेव्हा म्हणाल्या, “घरचं नेट स्लो आहे.”

दिवाळीनंतर सुरतेहून फोन आला. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवायला एक पोरगा होता. गुणी पोरगा. “मानधन दिवाळीला मिळेल,” असं त्याला सांगितलं होतं, कोणत्या दिवाळीला ते सांगितलं नव्हतं. मग निम्मा खानदेश जिथं जातो तिथं तोही गेला, आणि आता कापड मार्केटात हिशेब लिहितो.

“सर, राम राम. रागावू नका, पन तुमना सगळास्ना पासवर्ड मना मोबाईलमा दिसी ऱ्हायनात.”

“काबरं?” मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

झालं होतं असं, की जायच्या आधी स्वतःचा बायोडाटा छापायला त्यानं आमच्या क्रोममध्ये आपलं जीमेल उघडलं, आणि बंद करायचं राहिलं. तेव्हापासून क्रोम त्याला मालक समजत होतं. आम्ही इथं जे जे ‘सेव्ह’ म्हणालो ते ते त्याच्या खात्यावर जमा होत गेलं. माणूस सुरतेला, पगार नाही, आणि शाळेच्या सगळ्या किल्ल्या त्याच्या खिशात. दुसऱ्या कुणी काय केलं असतं कोण जाणे. यानं फोन केला.

मी हेडसरांना सांगितलं. त्यांनी पंख्याकडं पाहिलं. “पोलिसात द्यायचं का?”

“कुणाला?”

“ते ठरवू.”

त्यातच डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या शेंदुरसनीची बातमी आली. जेमतेम दीड हजार वस्तीची ग्रामपंचायत. तिच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या लॉगिनवरून तीन महिन्यांत २७ हजारांवर जन्म नोंदवले गेले होते. हेडसरांनी ती बातमी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली, पेपर खाली ठेवला आणि भिंतीवरच्या पटसंख्येच्या तक्त्याकडं पाहिलं. आमचा पट दर वर्षी घटतो, पटावरून शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता जवळ आली की दोन शिक्षकांची झोप उडते. त्या क्षणी हेडसरांच्या डोळ्यांत जे चमकलं ते भीती नव्हती, असं माझं मत आहे. पण त्यांनी स्वतःला सावरलं आणि जळगावहून कॉम्प्युटरवाला बोलावला.

खरं तर पहिलं काम एकच होतं: सगळे पासवर्ड बदलायचे. ते सोडून बाकी सगळं आम्ही केलं.

कॉम्प्युटरवाला पंचविशीचा होता आणि खुर्चीत बसल्याबरोबर गंभीर झाला. मशीनला विंडोजचा पासवर्डच नव्हता. त्यानं क्रोममध्ये कुठंतरी जाऊन यादी उघडली. एकेक नाव उघडलं की पासवर्डापुढं एक डोळा. डोळ्यावर क्लिक केलं की टिंबांच्या जागी अक्षरं दिसतात. “कोणीही चहा द्यायला आला तरी बघू शकतो,” तो म्हणाला. चहा घेऊन आलेले शिपाईमामा दारातच थांबले, त्यांना ते लागलं असावं.

मग त्यानं कामाला हात घातला. आधी सुरतकराचं खातं काढून टाकलं. मग विंडोजच्या पोटात शिरून क्रोमच्या नावानं एक नोंद केली आणि तिच्यापुढं शून्य लिहिलं. बस, एवढंच. त्या शून्यानंतर क्रोम पुन्हा कधी ‘सेव्ह करायचा का’ म्हणून विचारणार नाही. एज कुणी उघडतही नाही, पण त्यालाही शून्य दिलं. तरी नव्यानं साठवणं थांबलं म्हणून आधीचा साठा जात नाही, तो वेगळा पुसावा लागतो. पुसण्याआधी आमच्या लिपिक आप्पांनी एकेका डोळ्यावर क्लिक करून सगळे पासवर्ड उतरवून घेतले. कशावर? समोर भिंतीवर कालनिर्णय होतं. डिसेंबरचं पान उलटून पाठीमागं, बारीक अक्षरात. आम्ही सगळे तासावर होतो, कुणाचं गुपित कुणाला कळलं नाही.

जाताना कॉम्प्युटरवाला म्हणाला, “मेनूच्या तळाला आता एक ओळ दिसेल, घाबरू नका.” ती ओळ हेडसरांनी संध्याकाळी एकट्यानं वाचली: ‘तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित.’

आता ‘संस्था’ या शब्दाचा अर्थ इंजिनियरांच्या गावात काय असेल तो असो. अनुदानित शाळेत संस्था म्हणजे संस्थाचालक. अध्यक्ष, सचिव, त्यांचे मेहुणे. हेडसरांनी मला घरी फोन केला. आवाज दबका. “सर, अध्यक्षांनी आपलं क्रोम ताब्यात घेतलंय.” पुढचे आठ दिवस ऑफिसात यूट्यूबवर कीर्तनाखेरीज काही लागलं नाही. अध्यक्षांना शिस्तीचा हा झटका कुठून आला, यावर स्टाफरूममध्ये तीन मतं होती. माझ्या मते अध्यक्षांना क्रोम म्हणजे मोटरसायकलच्या हँडलवरचा मुलामा एवढंच माहीत आहे. पण मी बोललो नाही.

कॉम्प्युटरवाल्याला आम्ही भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊ घातली, दिवसच भरताचे होते. जेवताना त्यानं एक गोष्ट सांगितली, ती मी घरी जाऊन पडताळूनही पाहिली. कॉम्प्युटरवर पासवर्ड लावायची सुरुवात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६१ च्या सुमाराची, फर्नांडो कॉर्बाटो यांच्या हाताखालची. (ही खरी संस्था, मेहुणे नाहीत.) एकच अजस्र मशीन आणि वापरणारे पुष्कळ, म्हणून प्रत्येकाला नेमून दिलेले तास. आणि १९६२ मध्ये लगेच चोरी! ॲलन शेर नावाच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास पुरेनात, म्हणून त्यानं सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच मशीनकडून छापून घेतली. मला हा माणूस एकदम ओळखीचा वाटला. गिरणेचं आवर्तन सुटलं की आपली पाळी संपल्यावरही रात्री बॅटरी घेऊन चारीवर जाणारे असे पीएचडी आमच्या तालुक्यात गावोगाव आहेत.

दुसरा अपराधी मात्र मला माफ करवत नाही. पासवर्डात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं आणि तो वरचेवर बदलायला हवा, हा जाच जगभर पसरला तो बिल बर या गृहस्थांनी २००३ मध्ये अमेरिकी सरकारच्या मानक संस्थेसाठी लिहिलेल्या कागदामुळं. २०१७ मध्ये, निवृत्त झाल्यावर, त्यांनी पेपरवाल्यांना सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो. निवृत्तीनंतर पश्चात्ताप करण्याची सोय आमच्याकडंही आहे, पण पेन्शन सुरू झाल्यावर. आमची कितीतरी बिलं या एका बिलानं अडवली.

तर क्रोम बंद झालं. (स्वतःच्या घरी, स्वतःच्या मशीनवर ब्राउझरनं पासवर्ड सांभाळला तर माझी हरकत नाही. तंटा सामायिकाचा आहे. सामायिक विहिरीवर मोटार बसवून बघा म्हणजे कळेल.) डिसेंबर छान गेला. ज्याला पासवर्ड लागे तो भिंतीपाशी जाई, पान उचलून पदराआडून बघावं तसा बघे आणि पुटपुटत खुर्चीत येऊन बसे. एक जानेवारीला शिपाईमामांनी, कुणीही न सांगता, नवं कालनिर्णय लावलं.

हे आम्हाला कळलं वेतन बिल पाठवायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीनला.

“मामा, जुनं कॅलेंडर कोठे शे?”

“शेकोटीत टाकं ना भो. सकाळी कितली थंडी व्हती!”

ऑफिसात जी शांतता पसरली तशी मी दहावीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा पाहिलेली नाही. हेडसरांनी आठवून आठवून दोन पासवर्ड टाकले, दोन्ही चुकले. तिसरा चुकला तर लॉगिनच बंद पडणार. ‘पासवर्ड विसरलात?’ वर क्लिक करावं तर ओटीपी जाणार आधीच्या हेडसरांच्या मोबाईलवर, कारण नंबर बदलायचं पत्र दोन वर्षं टेबलावर आहे. त्यांना फोन लावला. ते केळीच्या बागेत होते.

“ओटीपी आला का सर?”

“इथं रेंज नाही. बांधावर जातो.”

“दहा मिनिटांत लागतो, सर!”

“बांध लांब आहे.”

बांध खरोखरच लांब होता. ते पोचले, आकडे वाचून दाखवले, आम्ही टाकले, मुदत संपलेली. दुसऱ्यांदा पाठवला तेव्हा त्यांच्या मोबाईलचं चार्जिंग संपलं. पावणेचार. अठरा पगार, अठरा घरांचे हप्ते, आणि मध्ये एक रिकामा रकाना टिकटिक करतोय.

तेव्हा गणिताचे सर हळूच म्हणाले, “सुरतेला आहेत ना?”

कॉम्प्युटरवाल्यानं आमचं मशीन पुसलं होतं. सुरतकराच्या खात्यातली नक्कल पुसायला तो कुठं सुरतेला गेला होता? आप्पांनी तसाच नंबर फिरवला. सुरतेहून ऐवज आणायची आपली रीत १६६४ पासूनची, फक्त तेव्हा घोडे लागले होते. फोन स्पीकरवर ठेवला, कारण आप्पांना लिहून घ्यायचं होतं. मागं मार्केटचा गलका, त्यामुळं तो पोरगा ओरडून बोलत होता. सगळा स्टाफ टेबलाभोवती.

“हेडसर! हेडमास्टर ॲट एकशे तेवीस!”

हेडसरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मजबूत पासवर्ड कसा असावा यावर त्यांनीच आम्हाला परिपाठानंतर अर्धा तास सांगितलं होतं.

खरं म्हणजे इथंच थांबायला हरकत नव्हती. पण आप्पांची वही उघडी होती आणि पोरगा रंगात आला होता. गणिताचे सर: पास ॲट ३५. इतिहासाच्या मॅडम अंशतः अनुदानावर आहेत; त्यांचे तीन निघाले, जुन्यापासून नव्यापर्यंत: अनुदान ॲट २०, अनुदान ॲट ४०, अनुदान ॲट ६०. शासन निर्णयांचा एवढा नेमका दस्तऐवज मंत्रालयातही नसेल. कुणी हसलं नाही, मॅडमच आधी हसल्या. मग चित्रकलेच्या सरांचा नंबर आला. हा माणूस वीस वर्षं आमच्यात आहे, पण बोलणं असं नाहीच.

“सर्जा ॲट १! सर, हा सर्जा कोन?”

“बैल व्हता,” चित्रकलेचे सर म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “दुष्काळात इका पडना.”

सुरतेकडूनही क्षणभर काही आलं नाही. मग त्यानं घसा खाकरून पुढचं नाव घेतलं. माझं.

“सर, तुमचा... विसरलो.”

“अरे, असं कसं? समोर दिसतोय ना तुला?”

“दिसतोय सर. विसरलो.”

“मोबाईल जवळ धरून वाच!”

“वाचतोय सर! तेच आहे! विसरलो ॲट एक!”

मग मला आठवलं. एका पोर्टलवर पाचव्यांदा नवा पासवर्ड मागितला तेव्हा मी वैतागून तोच दिला होता. मराठीच्या शिक्षकाचं शब्दवैभव म्हणून आता तो स्टाफरूममध्ये कायमचा झाला आहे.

पाचला सात मिनिटं कमी असताना बिल गेलं. हेडसरांनी कपाळावरचा घाम पुसला, जानेवारीत. सुरतेचा फोन अजून चालूच होता.

“सर, मंग आते मी हाई सगळं मोबाईलमाईन डिलीट करी टाकू का? माले बी टेन्शन ऱ्हास.”

बरोबरच होतं त्याचं. आम्ही सगळे माना हलवू लागलो. तेवढ्यात हेडसरांनी टेबलावरून फोन उचलला, स्पीकर बंद केला, कानाला लावला आणि भिंतीकडं तोंड करून हळू आवाजात म्हणाले,

“पगार हुई जाऊ दे, मंग पुसजो.”