आधी पान बघा!

सगळ्यांचा वसंत चैत्रात येतो, पळस-पांगाऱ्याचे फोटो काढून संपतो. आमच्या सोसायटीतल्या काकांचा वसंत जूनमध्ये, मळवली स्टेशनवर उतरतो. पहिले दोन दणदणीत पाऊस झाले की रविवारच्या लोणावळा लोकलने काका भाज्याला. सोबत मोडकी छत्री, गळ्यात भिंग आणि आम्ही.

बेत विसापूरचा ठरलेला असतो. विसापूर मात्र आम्ही अजून खालूनच पाहतोय. लेण्यांच्या मागची झाडी लागली की काकांचा हात वर होतो, "थांबा! पाय जपून!" मग वाटेवरची रांग खोळंबते, मागचे ट्रेकर वैतागतात आणि काका चिखलात पालथे. बावीस लेणी, बावीसशे वर्षांची; पण ती पाहू म्हटलं की, "ती कुठं पळून जात नाहीत हो!"

पुढ्यात असतो सापकांदा. नागाच्या फणीसारखी पांढरी टोपी, आत जांभळा गळा, त्यातून बाहेर डोकावणारी बारीक शेपटी. काका दोन बोटांनी टोपी अलगद वाकवून आत पाहतात. नर की मादी? कंद लहान तोवर नर, पुरेसा पोसला की मादी. "माणसांत असं असतं तर!" असं म्हणून ते दरवर्षी एकटेच हसतात.

पंचाईत वेगळीच. काकांचा मूलमंत्र "फूल फसवतं, आधी पान बघा" आणि या पठ्ठ्याला आधी फूल येतं, पान मागाहून. मग कुकसाहेब निघतात. "1901 ते 1908, मुंबई इलाख्याची अख्खी वनस्पतिसूची! माणूस पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्रिन्सिपल!" हे असं सांगतात, जणू साहेबांनी यांची हजेरी घेतली होती.

एवढ्यात गुरांमागची आजी थबकते. "सापकांदा हाय त्यो. गुरंबी तोंड लावीत न्हाईत." काका वहीत लिहितात : सापकांदा. पुढे प्रश्नचिन्ह. पान फुटल्यावर पुन्हा यायचं, म्हणजे तिकीट आपलं, भजीही आपलीच.

परवा भाच्यासाठी सांगून आलेल्या मुलीचा फोटो त्यांना पाठवला. मत विचारलं. तासाभराने उत्तर : "मागे कुडा फुललाय. पांढरा की काळा ते कळत नाही. मुलीला जरा सरकायला सांगा आणि पाकळ्यांच्या आत झालर आहे का, तेवढं बघून कळवा."