गंज आतला की बाहेरचा?

ब्रिटनमध्ये कॅम्पर व्हॅनचा रंग फुगला की आधी गंजाचं कूळ सिद्ध करावं लागतं. बऱ्याच व्हॅनना गंजाविरुद्ध १२ वर्षांची हमी असते. पण पत्रा आतून आरपार कुजला तरच. बाहेरून आलेला गंज उपरा! छताच्या कडेला, रबराखाली नखाएवढा फुगवटा दाखवा. कंपनी म्हणते, व्हॅनचं कॅम्पर करताना ज्यानं छत कापलं त्याला विचारा. तो म्हणतो, पत्रा कंपनीचा. डीलर रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजून निदान करतो: पक्ष्याची विष्ठा. (रबराखाली शिरून हा कार्यभाग उरकणारा पक्षी तिथल्या पक्षिनिरीक्षकांना अजून दिसायचाय.) २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला, तर तो मुळातला नव्हता, हे विक्रेत्यानं सिद्ध करायचं. रंगाला मात्र फुगायला मुहूर्त सापडतो तो सातव्या महिन्याचा.