खांडीत पाऊस, टाकव्यात पूर

“गुरुजी, कालची गंमत कळली का?”

वईपलीकडून आक्कांचा असा आवाज आला की मी हातातला पेपर खाली ठेवतो. टाकव्यातली बातमी आधी आक्कांकडे येते, मग पेपरात, आणि पेपरात येईपर्यंत तिचं पार वाटोळं झालेलं असतं. शाळा सोडून मला बरीच वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी मी अजून गुरुजीच, आणि गुरुजींना सगळं सांगितलंच पाहिजे अशी त्यांची समजूत.

“कसली गंमत?”

“आवं, काळी गाडी. ही एवढी थोरली. माझ्या दिराच्या खाचरात.”

झालं होतं असं. रविवारी कान्हे फाट्यापासून गाड्यांची रांग लागलेली. रांगेला कंटाळून एका पाहुण्याने मोबाइलमधल्या बाईला दुसरा रस्ता विचारला आणि त्या बाईने बिनदिक्कत दिराच्या बांधाकडे वळायला सांगितलं. बांध खचला आणि गाडी आदल्याच दिवशी चिखलणी केलेल्या खाचरात जाऊन बसली. चाकं फिरतायत, चिखल उडतोय, आतली पोरं खिडकीतून व्हिडीओ काढतायत.

“ट्रॅक्टर लावून ओढली. दीर म्हणला, दोन हजार द्या. तर गाडीवाला म्हणतो, काका, दीडमधी करा. इस लाखाची गाडी न् घासाघीस पाश्शे रुपड्यांची!”

“मग किती घेतले?”

“दोनच. पर रोपाचं कोण देणार? कडंला आवणाच्या मुठी काढून ठेवल्या व्हत्या, त्या गेल्या चाकाखाली.”

भातलावणीच्या दिवसांत रोपाच्या मुठीला काय किंमत असते ते सांगायला नको. दाढीत, म्हणजे रोपाच्या वाफ्यात, रोप मोजकंच टाकलेलं असतं. ते गेलं तर शेजाऱ्याच्या दाढीत उरलंय का ते बघत फिरायचं. आक्का तशा रागावलेल्या नव्हत्या. राग त्यांना गाडीचा नव्हताच, तो पुढे निघाला.

“गाडीचं सोडा वो. तिथनं सुटली ती सरळ नदीला. न् ती पोरं उतरली की पुलाखालच्या खडकावर! मी म्हशीमागं चालले व्हते. म्हणलं, पोरांनो, वर या. तर एक म्हणतो, आजी, पाऊस कुठाय? ऊन पडलंय.”

हे वाक्य आमच्याकडे दर पावसाळ्यात ऐकू येतं, आणि खरं दुखणं तेच आहे. टाकव्यात ऊन पडलेलं असताना नदी चढते. वर खांडी-सावळ्याकडे, कुसूरच्या अंगाला, घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो आणि इथे आपण अंगणात वाळवण घालावं की नाही याचा विचार करत असतो. खांडी आणि टाकवे दोन्ही आंदर मावळातच, एस्टीने जाता येतं एवढ्या अंतरावर. पण पावसाच्या हिशेबात ते दोन वेगळे मुलूख.

“मग तुम्ही काय सांगितलंत त्याला?”

“काय सांगणार? पाणी बघ म्हणलं. गढूळलंय. पाला आलाय, काटक्या आल्यात, वल्ल्या फांद्या आल्यात. वल्ली फांदी आली की समजायचं, वर आत्ताच कायतरी तुटलंय. न् आवाज बदलतो वो गुरुजी. खडकावरनं पाणी खळखळतंय तवर ठीक. खळखळ बंद होऊन नुसता घुमल्यागत आवाज आला की पाय काढायचा.”

“आले का वर?”

“आले. त्यांची बायमाणूस शहाणी व्हती. तिनं दंड धरून वढलं.”

यावर मी माझी मास्तरकी सुरू केली. आक्कांना ती आवडते, मधेमधे टोचायला मिळतं म्हणून. म्हटलं, नुसत्या पावसाचं असतं तर पाहुण्यांना एक वेळ माफ केलं असतं. आपल्याकडच्या नद्या निम्म्या पावसाच्या आणि निम्म्या धरणांच्या. कुरवंड्याच्या बाजूला उगवून लोणावळ्यातून येणाऱ्या इंद्रायणीवर वर वलवण धरण आहे. आंद्रा नदीवर वरच्या अंगाला ठोकरवाडीचं. दोन्ही टाटांची. राजपुरीपाशी आंद्रा इंद्रायणीला मिळते, म्हणजे दोन्हीकडचं जादा पाणी आपल्याच अंगावर येतं. त्यातही वलवणला सायफन आहेत. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की नळीतली हवा निघून जाते आणि पाणी आपोआप खेचलं जाऊन बाहेर पडायला लागतं. तिथे बटण दाबणारा कुणी नसतो, की ‘अहो, खाली पोरं नाचतायत, जरा थांबा’ म्हणून त्याला सांगावं.

“म्हंजी मालक घरी नसला तरी दार उघडतंय.”

“तसंच. म्हणून तर धरण भरत आलं की काठच्या गावांना आधी इशारा देतात.”

“गावाला देतात. काळ्या गाडीला कोण देणार?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ग्रामपंचायतीच्या भोंग्याचा आवाज बंद काचेच्या गाडीत जात नाही, आणि गेला तरी आत गाणी त्याहून मोठ्याने चाललेली असतात. नदीकाठच्या पाट्यांवर शर्ट वाळत घातलेले मी पाहिलेत.

आक्कांची आजेसासू वरच्या अंगाची. तिचं घर धरणाखाली गेलं, म्हणून मंडळी सरकत सरकत खाली आली. ठोकरवाडीचं धरण 1922 मधलं. त्याचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पलीकडे नेलं आणि कर्जतच्या बाजूला भिवपुरीला उतरवलं, तिथे त्याची वीज झाली आणि ती मुंबईला गेली. त्याच सुमारास मुळशीला धरणाविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह चालला होता, त्याची नोंद इतिहासात झाली. आमच्या आंदर मावळातल्या माणसांनी भांडीकुंडी डोक्यावर घेतली, त्याची एवढी वाच्यता झाली नाही. हे मी आक्कांना सांगितलं. त्यांनी जरा विचार केला.

“गुरुजी, हे पाणी खाली कुठं जातंय?”

“इंद्रायणीतून देहू, आळंदी. तुळापूरला भीमेत. भीमेतून पंढरपूर.”

“म्हंजी वारीला निघालेलं पाणी धरून मुंबईला नोकरीला लावलं म्हणा की!”

शंभर वर्षांत या प्रकल्पाचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलं नसेल. नाही म्हणायला धरणाने आमच्यावर एक उपकारही केलाय. पावसाळ्याच्या पहिल्या टप्प्यात ते रिकामं असतं, वरचा मोठा लोंढा गिळून बसतं. भरलं की मात्र जितकं वरून येईल तितकं खाली सोडावं लागतं. म्हणून आषाढातल्या धुवाधार पावसापेक्षा श्रावणातल्या उन्हाच्या दिवसाला आक्का जास्त जपतात. पाहुण्यांचं उलटं. श्रावणात पाऊस जरा उघडला की त्यांना वाटतं, आता धोका टळला.

मंगरूळकडचं आंद्रा धरण निराळं. त्याचं पाणी अलीकडे पिंपरी-चिंचवडलाही जातं. म्हणजे शनिवार-रविवारी इथे पाण्यात नाचायला येणाऱ्या कित्येकांच्या नळाला सोमवारी आमचंच पाणी असतं. आक्कांना हे सांगायची सोय नाही. त्या रस्त्यात गाड्या थांबवून सांगत बसतील.

“आपल्यापण पोरांना नदीचं वेड काय कमी व्हतं का?” आक्का म्हणाल्या. “पाठीला पत्र्याचा डबा बांधून ढकलून देत व्हते. पर ते चैत-वैशाखात.”

हे मला फार पटलं. गावाचं पोहणं उन्हाळ्यातलं. डोह शांत असतो, तळ दिसतो, कुठे खडक आणि कुठे कपार ते पायाला पाठ होतं. मिरग लागला की गाव नदीतून बाहेर पडतं. पहिल्या पाण्याला चढणीचे मासे धरायला उतरतील तेवढेच, तेही ओहोळाच्या तोंडाशी, गुडघाभर पाण्यात. पुढे सगळी गंमत खाचरात आणि बांधावर: मुठे, खेकडे, कुर्डूची भाजी. आणि नेमकं तेव्हाच, आम्ही नदीकडे पाठ फिरवली की, शहर नदीत उतरतं. उन्हाळ्यात यावं तर म्हणतात, तिथे बघण्यासारखं काय आहे?

मग गप्पा कुंडमळ्यावर गेल्याच. गेल्याशिवाय राहत नाहीत. 15 जून 2025, रविवार, दुपार. इंदोरीजवळ इंद्रायणीच्या पात्रात खडकात पाण्याने कोरलेली कुंडं आहेत, म्हणून कुंडमळा. तिथला जुना लोखंडी पूल माणसांनी भरला होता. पाणी बघायला, फोटो काढायला लोक थांबलेले, त्यातच दुचाक्या घातलेल्या. पूल कोसळला. चारजण गेले, पन्नासच्या आसपास माणसं जखमी झाली. नवा पूल मंजूर झालेला होता, पण मंजुरीवरून नदी ओलांडता येत नाही. तीन दिवसांनी त्याच नदीकाठच्या देहूतून तुकोबांची पालखी निघाली. त्याच्या आदल्या वर्षी, 30 जून 2024 ला, तोही रविवारच, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यातून पुण्याच्या एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून रेल्वेने बांधलेलं ते धरण. त्याच्या पायऱ्यांवर आता पावसाळ्यात माणूस माणसाला खेटून बसलेला असतो.

“मी तो व्हिडीओ बघितला नाय,” आक्का म्हणाल्या. “नातू दाखवत व्हता. म्हणलं, बंद कर. ती माणसं मधल्या खडकावर एकमेकाला धरून हुबी व्हती म्हणं.”

“हो.”

“आपल्यापैकी कुणी असतं तर तिथं गेलंच नसतं. पर गेल्यावर आपण तरी काय केलं असतं?”

दोघंही जरा गप्प झालो. मग त्यांच्या कोंबड्या वईच्या भगदाडातून माझ्या अळूत शिरल्या आणि विषय बदलला.

अशा घटनांनंतर बंदीचे हुकूम निघतात. पोलीस उभे राहतात. कुणी बुडालं की शोधायला लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची पोरं येतात, दोर घेऊन, स्वतःची कामं टाकून. बंदी लागली की गावात दोन तट पडतात. लावणीवाले म्हणतात, बरं झालं, रस्ता मोकळा झाला, दुधाची गाडी वेळेवर जाते. टपरीवाले म्हणतात, चार महिन्यांचा धंदा आठ शनिवार-रविवारांवर असतो, त्यातले तीन गेले तर खायचं काय? दोघांचंही खोटं नाही. गंमत म्हणजे बहुतेक घरांत एक भाऊ लावणीवाला असतो आणि दुसरा टपरीवाला, त्यामुळे भांडण चुलीपाशीच होतं.

आक्कांच्या घरातही तेच. त्यांच्या नातवाला मॅगी आणि मक्याच्या कणसाची टपरी टाकायची आहे. शिवाय ‘अस्सल मावळचा इंद्रायणी’ म्हणून तांदूळ विकायचाय. तांदळाचं मला पटलं. हे वाण आपल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रातच 1987 साली निघालं, आपलं नाव आपण नाही सांगायचं तर कोणी सांगायचं? अर्थात कुठूनही पोती आणून ‘मावळचा’ म्हणून विकणारे दोन-तीन महाभाग आम्हा दोघांनाही ठाऊक आहेत. त्यांची नावं आक्कांनी वईवरून वाकून मला सांगितली. इथे लिहिणार नाही.

“मग टाकू देणार का टपरी?”

“टाकू दे की. पर नदीच्या कडंला नाय, वर रस्त्याला. नदीकडंला टपरी टाकली की माणसं तिथंच थांबत्यात, खात्यात, न् हात धुवायला पाण्यात उतरत्यात.”

“आणि कोणी खाली उतरायला निघालाच तर?”

“तर त्याला म्हणायचं, थांब, आधी कणीस भाजून देते. कणीस खाईस्तोवर पाण्याचा रंग बघून घे.”

“कणीस कितीला?”

“रविवारी पन्नास. सोमवारी वीस.” मग जरा थांबून म्हणाल्या, “काळी गाडी आली तर शंभर.”