पसंतीक्रम

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं कला, विज्ञान, वाणिज्य यांच्यामधल्या भिंती पाडायचं ठरवलं. पोरानं भौतिकशास्त्रासोबत संगीत घ्यावं, वाटल्यास इतिहासही. फार छान. मेळघाटातल्या धारणीत मात्र विषय निवडताना पहिला प्रश्न, शिकवायला कोण आहे; दुसरा, परतीची एस.टी. किती वाजताची.

२०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. दहा महाविद्यालयांपर्यंत पसंतीक्रम भरा म्हणे. मेळघाटात दहा! यादी पुरी होईस्तोवर पोरगं घाट उतरून परतवाडामार्गे थेट अमरावतीला पोचतं. कागदावर. रेंजचं विचारू नका. धारणी तालुक्यातलंच हरिसाल केव्हाच ‘डिजिटल गाव’ झालं, त्यामुळे शंका घेणं देशहिताचं नाही.

धोरणाला मातृभाषेचा भारी कळवळा. इथल्या कितीतरी पोरांची मातृभाषा कोरकू. बारावीच्या भाषांत जर्मन आहे, जपानी आहे, अर्धमागधीसुद्धा आहे. कोरकू तेवढी राहिली. जंगलात जपानी बोलणारं अस्वल भेटलं, तर आपली पोरं तयार असावीत, एवढाच हेतू असेल.

स्टँडवर एकाला विचारलं, “काय घेतलं रे बाबू अकरावीले?”

“जे भेटलं ते, काका.”