तांब्याचं पुढचं व्हर्जन

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत ‘ए’ ग्रेड मिळाली, तेव्हा आमच्या घरात एवढाच निष्कर्ष निघाला की मुलगी रांगोळी सुबक काढेल. त्यामुळे अकरावी सायन्सला असताना मला प्रॉडक्ट डिझाईनचा क्लास लावायचाय, हे बाबांच्या गळी उतरवायला जरा जोरदार पुरावा लागणार होता. मी त्यांना रुपयाच्या चिन्हाची गोष्ट सांगितली. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाईन विभागात संशोधन करणाऱ्या उदय कुमार यांनी ते केलं, २०१० मध्ये सरकारने स्वीकारलं, बक्षीस अडीच लाख. बाबांनी ते चिन्ह चष्मा वर करून नीट पाहिलं.

“अर्धा र आणि वर दोन रेघा,” ते म्हणाले. “म्हणजे रेघेला सव्वा लाख पडले.”

क्लासची फी दुसऱ्याच दिवशी भरली गेली.

क्लासमध्ये यूसीडची तयारी चाले. आयआयटी मुंबईची ही डिझाईनची प्रवेश परीक्षा बारावीच्या कुठल्याही शाखेतून देता येते, त्यामुळे कॉमर्सवाले, आर्ट्सवाले आणि आम्ही एकाच बाकावर बसून ठोकळ्यांची पृष्ठं मोजायचो. कागदाला तीन घड्या घालून भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील, यावर वादावादी व्हायची. कॉलेजात केमिस्ट्रीच्या तासाला मी समोरच्या नळाची पृष्ठं मोजत बसे. नळाचं उत्तर दर वेळी वेगळं यायचं आणि केमिस्ट्रीचं यायचंच नाही.

पण या क्लासने खरा रोग लावला तो वेगळाच. जगातली एकही वस्तू धड दिसेना. कुकरचं हँडल चुकीच्या जागी, कपाटाची कडी चुकीच्या उंचीवर. पाहुण्यांना चहा देताना मी कपाच्या कानाबद्दल दिलगिरी व्यक्त करायला लागले, तेव्हा आई म्हणाली, “तू आत जा, मी देते.”

अशा मनःस्थितीत पोर्टफोलिओसाठी घरातली एखादी वस्तू सुधारायला सांगितली. बाकीच्यांनी दप्तर, पाण्याची बाटली वगैरे घेतलं. मी घेतला तांब्या. सरांनी नुकतंच चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याबद्दल सांगितलं होतं. सरकारच्या बोलावण्यावरून त्यांनी भारत हिंडून १९५८ मध्ये अहवाल दिला आणि त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी ही डिझाईन संस्था उभी राहिली. त्या अहवालात इथल्या साध्या लोट्याचं तोंड भरून कौतुक आहे. तो कुणा एकाने केलेला नाही, पिढ्यानपिढ्यांच्या वापराने घडत गेला, असं त्यांचं म्हणणं. हे ऐकून दुसरं कुणी दबकलं असतं. मला वाटलं, साठ वर्षांत पुढचं व्हर्जन कुणी काढलेलं दिसत नाही.

डिझाईनमध्ये आधी वापरणाऱ्याला विचारायचं असतं. म्हणून मी आजीपुढे प्रश्नावली घेऊन बसले.

“तांब्या वापरताना तुला काय अडचणी येतात?”

“वापरताना नाही येत. सापडताना येतात. मापं घ्यायला तूच नेतेस ना!”

उत्तर रकान्यात बसत नव्हतं, म्हणून मी ‘अडचण : पकड’ असं लिहून टाकलं. पकडीसाठी शाडूच्या गोळ्यावर मूठ दाबून हँडलचा आकार घेतला. मूठ माझी होती. आजी तेव्हा झोपली होती.

मग टॉप, फ्रंट आणि साइड असे तिन्ही व्ह्यू काढून, आजीचाच तांब्या पिशवीत घालून मी कसब्यातली तांबट आळी गाठली. तिथे तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चाललं होतं. हातोडीचा एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला अगदी खेटून पडत होता. ठोके खाऊन पत्रा नुसता चकाकतो असं नाही, कडकही होतो. कारागिरांनी माझं ड्रॉइंग सरळ धरलं, मग उलटं धरलं.

“झारी पाहिजे का? तयार आहेत आत.”

मी समजावलं की ही झारी नव्हे. ही तोटी आणि हँडल एकमेकांशी काटकोनात आहेत.

“का?”

“एर्गोनॉमिक्स.”

“बरं,” ते म्हणाले. “पैसे तुमचे, तांब्या तुमचा.” तांब्या आजीचा होता, पण मी ते बोलले नाही.

वस्तू दिसायला झकास झाली. आजीने ती भरली, उचलली, वाकवली आणि सगळं पाणी तिच्या पदरात. काटकोनातल्या हँडलचा हा गुण आहे, की उजव्या हाताने धरलं तर तोटी समोर जाते आणि डाव्या हाताने धरलं तर पोटाकडे येते. आजी डावखुरी आहे. उलथनं, झाडू, मला मारायची चप्पल, सगळं ती डाव्या हातात धरते आणि हे मी जन्मापासून पाहत आले आहे. माझ्या प्रश्नावलीत वय, उंची, चष्म्याचा नंबर एवढं सगळं होतं. हात कोणता, हा रकाना नव्हता.

मग मी ईम्सचा अहवाल स्वतः वाचला. हातांचा आकार, त्यांतलं बळ, पाणी डोक्यावरून नेणार की कमरेवरून, भरलेला आणि रिकामा असतानाचा तोल, आतून घासता येईल का, असे कितीतरी प्रश्न त्यांनी लोट्याला विचारून ठेवलेत. घासण्याचा प्रश्न आईनेही विचारला होता, जरा कमी शास्त्रीय भाषेत : “या नळीत चिंच कोण घालणार? तू?”

तरी बारावीनंतर एका डिझाईन कॉलेजच्या मुलाखतीला मी तीच वस्तू नेली. दुसरं होतं काय न्यायला? परीक्षक बाईंनी ती कौतुकाने फिरवून पाहिली, मठारकामावर बोट फिरवलं आणि टेबलावरच्या बाटलीतलं पाणी तीत ओतलं. पेन त्यांनी डाव्या हातातून खाली ठेवलं, हे माझ्या लक्षात आलं.

“मॅडम, उजव्या हाताने...”

“का बरं?” म्हणत त्यांनी ती वाकवली.

त्यांच्या पुढ्यात गुणांचा कागद होता. बॉलपेन असतं तर काही राहिलं असतं. बाई शाईचं पेन वापरत होत्या. त्यांनी साडी झटकली, नवा कागद घेतला आणि पुन्हा गुण दिले. आधीचे किती होते, ते मी जाताना विचारलं. त्यांनी सांगितलं नाही.